सरकी द्या, पण काट्यावर मोजून

माघ सरत आला की वऱ्हाडात पऱ्हाटीची शेवटची वेचणी उरकते. बांधावरचे गवत वाळून करडे पडलेले असते, नाल्याकाठच्या बाभळीच्या शेंगा अजून गळायच्या असतात आणि गोठ्यात उरतो तो कडबा. नेमक्या याच दिवसांत कळपातल्या निम्म्या शेळ्या पोटात दोन-दोन करडे घेऊन फिरत असतात. घरी म्हैस असेल तर तिच्यासाठी सरकी भिजवलेली असतेच. त्याच घमेल्यातून दोन ओंजळी शेळ्यांपुढे टाकायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत.

रीत चुकीची नाही. कोरड्या दिवसांत शेळ्या-मेंढ्यांना जोडखुराक म्हणून सरकीइतकी सोयीची वस्तू कापसाच्या पट्ट्यात दुसरी नाही. घोळ होतो तो ओंजळीत. म्हशीला चालणारे माप शेळीला चालत नाही, शेळीला चालणारे करडाला चालत नाही आणि पैदाशीच्या बोकडाचा तर हिशेबच वेगळा असतो. सरकी कुणाला द्यायची, किती द्यायची आणि कुणाच्या तोंडाला लागू द्यायची नाही, एवढे नीट कळले तर ती खुराक आहे. नाही तर पैसे खर्चून विकत घेतलेले दुखणे.

सरकीत काय असते?

एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६० किलोंहून जास्त सरकी. म्हणजे कापूस पिकवणारा शेतकरी वजनाने पाहिले तर रुईपेक्षा सरकीच जास्त पिकवतो. कापूस विकताना तीही जाते आणि पुढे ढेपेच्या पोत्यातून तोच ती विकत आणतो.

या सरकीत तीन गोष्टी एकत्र असतात, आणि तेच तिचे वैशिष्ट्य. प्रथिने साधारण २० ते २३ टक्के, तेल १७ ते २० टक्के आणि वरचे साल व तूस मिळून भरपूर तंतू. मक्यात ऊर्जा असते, पण प्रथिने नऊ टक्क्यांच्या आसपासच. सोयाबीन पेंडीत प्रथिने ४५ टक्क्यांपर्यंत असतात, पण तेल जवळजवळ नसते. सरकी दोन्ही कामे करते आणि तिच्या तुसामुळे रवंथही चालू राहते.

आणखी एक फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही. सरकीत पिष्ट पदार्थ अगदी कमी असतात. ज्वारी-मक्याच्या पोत्यात शेळीने तोंड घातले तर कोठीपोटात आंबण होऊन ती रात्रीत आडवी होते. सरकीने तसे आंबण होत नाही. म्हणून नुसत्या धान्यावर खुराक चढवण्यापेक्षा थोडे धान्य आणि थोडी सरकी हे मिश्रण पोटाला सोसते.

उणीव आहे ती चुन्याची. सरकीत स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम फारच कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा. खच्ची बोकडाच्या बाबतीत ती पुन्हा येणार आहे.

दीडशे ग्रॅम सरकी काय करते?

तीस किलो वजनाची उस्मानाबादी किंवा बेरारी शेळी घ्या. तिला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने साडेतीन-चार टक्के. म्हणजे किलोभर कडबा खाऊन तिला ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने मिळतात. कोठीपोटातल्या ज्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर ती कडबा पचवते, त्यांनाच नीट काम करायला चाऱ्यात किमान सात-आठ टक्के प्रथिने लागतात. ती नसली की कडबा पोटात नुसता पडून राहतो. शेळीचे पोट भरलेले दिसते आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागू लागतो.

आता त्यातला थोडा कडबा कमी करून १५० ग्रॅम सरकी द्या. सरकीतून ३० ग्रॅमच्या वर प्रथिने आली. एवढ्याने गाडी सहा टक्क्यांच्या पुढे सरकते, पण आठापर्यंत पोचत नाही. सोबत अर्धा किलो सुबाभळीचा, शेवरीचा किंवा तुतीचा ओला पाला टाकला की आणखी ३० ग्रॅमच्या आसपास भर पडते आणि गणित जमते. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. थोडी सरकी फार मोठे काम करते, ही पहिली. आणि सरकी एकटी पुरत नाही, तिला पाल्याची सोबत हवी, ही दुसरी. ओल्या पाल्यातून अ जीवनसत्त्वही मिळते. उन्हाळ्यात नुसता कडबा आणि सरकी यांवर राहिलेल्या जनावराला नेमके तेच कमी पडते.

कुणाला किती?

साधा नियम असा. जनावराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त सरकी रोज देऊ नका. दुसऱ्या बाजूने मोजायचे तर दिवसभरच्या एकूण कोरड्या खाद्यात सरकी १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. तीस किलोच्या शेळीला दोन्ही हिशेबांनी आकडा १५० ग्रॅमच्या आसपासच येतो. याहून जास्त दिली तर तेल जास्त होते, ते तंतूंवर थर धरते, कडबा पचेनासा होतो आणि लेंडी मऊ पडते.

• रिकामी शेळी-मेंढी, चराई चांगली असताना : सरकीची गरज नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत पैसे वाचवा.

• फळवण्याआधी : नर सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मादीला रोज १०० ते १५० ग्रॅम. अंगावर येत असलेली मादी वेळेवर माजावर येते आणि जुळ्यांचे प्रमाण वाढते. ज्या शेळ्या उन्हाळ्यात खंगल्या आहेत त्यांना याचा जास्त फायदा होतो. मुळातच धष्टपुष्ट असलेल्यांना फारसा नाही.

• गाभणपणाचे शेवटचे दीड महिने : ३० किलोच्या शेळीला १५० ग्रॅम. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. त्यातली पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दोन महिन्यांत होते. पोटात पिल्लांनी जागा अडवलेली असते, त्यामुळे शेळी चारा कमी खाते. थोड्या वजनात जास्त ताकद देणारी सरकी इथे सर्वांत उपयोगी पडते. बाकीची गरज १०० ते १५० ग्रॅम भरडलेल्या मक्याने किंवा ज्वारीने भागवा.

• व्यायल्यानंतरचे दोन महिने : ३५ ते ४० किलोच्या दुभत्या शेळीला १७५ ते २०० ग्रॅम, आंबोणीशिवाय वेगळी. दुधातले स्निग्धांश थोडे वाढतात आणि शेळी खंगत नाही.

• चार महिन्यांपुढची वाढती करडे आणि कोकरे : १५ किलो वजनाला ५० ते ७५ ग्रॅम.

• चार महिन्यांच्या आतली पिल्ले : अजिबात नाही.

• पैदाशीचा बोकड किंवा मेंढा : हंगामाच्या दोन महिने आधीपासून हंगाम संपेपर्यंत नाही.

दख्खनी मेंढीचे वजन साधारण शेळीएवढेच, त्यामुळे माप तेच. फलटणच्या निंबकर संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्णासारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी गाभणपणातली खुराक चुकवू नये. एका कोकराच्या हिशेबाने खाणारी आणि दोन कोकरे वाढवणारी मेंढी शेवटच्या पंधरवड्यात बसते ती उठत नाही.

गॉसिपॉल : सरकीतले विष

सरकीचा दाणा ब्लेडने मधोमध कापून पाहा. आतल्या पिवळसर गरात काळपट ठिपके दिसतील. या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. किडींपासून स्वतःला वाचवण्यासाठी कापसाच्या झाडाने केलेली ही सोय. अख्ख्या सरकीत ते साधारण अर्धा ते पाऊण टक्का असते. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात बरेचसे गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाते आणि निरुपद्रवी होते. म्हणून शेळी सरकी पचवते. डुक्कर आणि कोंबडी यांना ही सोय नाही. त्यांना सरकी देऊ नये.

करडाला रवंथ करणारे पोट जन्मतः नसते. पहिले काही आठवडे त्याचे कोठीपोट नावापुरतेच असते आणि दूध सरळ चौथ्या पोटात उतरते. अशा करडाने सरकी किंवा सरकीची पेंड खाल्ली तर गॉसिपॉल जसेच्या तसे रक्तात जाते, हृदयावर आणि यकृतावर बसते. आणि ते साठत जाते. आज दिले आणि उद्या काही झाले नाही म्हणजे सोसले, असे समजू नका. महिना-दीड महिना सगळे ठीक दिसते. मग एखादे करडू मंदावते, चारा सोडते, थोडे पळवले तरी धापा टाकते. बरेचदा त्याला फुफ्फुसदाह समजून इंजेक्शने दिली जातात आणि काही उपयोग होत नाही. कधी तर काल उड्या मारणारे करडू सकाळी मेलेले सापडते. गॉसिपॉलवर उतारा नाही. सरकी ताबडतोब बंद करणे हाच इलाज, आणि बंद केल्यावरही आठ-पंधरा दिवस एखाददुसरे जनावर जाऊ शकते. असे मृत्यू झाले तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. छातीत साचलेले पाणी आणि हृदयावरचा परिणाम त्यात दिसतो.

म्हणून पिल्लांची गव्हाण वेगळी ठेवा. करडे आईच्या खुराकात तोंड घालतातच. पाट्या मारून असा कप्पा करा की करडू आत जाईल, शेळी जाणार नाही, आणि त्यात त्यांच्यासाठी भरडलेला मका, सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड आणि कोवळा पाला ठेवा. शेळ्यांना सरकी द्यायची ती करडे बाजूला काढूनच.

हा प्रश्न बीटी कापसामुळे आला, असा एक समज आहे. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली; गॉसिपॉल त्याआधीच्या देशी वाणांतही होते आणि आताच्या संकरित वाणांतही आहे. सरकी कुठल्याही वाणाची असो, माप तेच पाळा.

बोकडाला सरकी का नको?

चीनमध्ये १९७०च्या दशकात गॉसिपॉलची चाचणी माणसांवर झाली होती, आणि तीही कशासाठी, तर पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी. कच्चे सरकी तेल खाणाऱ्या खेड्यांत मुले होत नाहीत, हे लक्षात आल्यावरून तो शोध सुरू झाला. रक्तातले पोटॅशियम घटणे आणि काहींची प्रजननक्षमता परत न येणे, अशा कारणांनी ती गोळी पुढे बारगळली. आपल्यापुरता बोध एवढाच, की हे द्रव्य शुक्रजंतूंवर घाव घालते.

बोकडाच्या आणि मेंढ्याच्या बाबतीतही तेच होते. शुक्रजंतूंची शेपटी अधू होते, हालचाल मंदावते. बोकड अंगाने तगडा, माज ओळखणारा, उडणारा. पण शेळ्या उलटतात. दोष शेळ्यांना दिला जातो. एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला जवळपास दोन महिने लागतात. म्हणून सरकी हंगामाच्या दोन महिने आधी थांबवायची. थांबवल्यावर बहुतेक नरांत दोष भरून निघतो. पैदाशीच्या बोकडाला त्या काळात मका, गव्हाचा कोंडा, हरभऱ्याची चुणी आणि हिरवा पाला द्या.

खच्ची बोकडाची गोष्ट निराळी. बकरी ईदसाठी जोपासलेल्या बोकडाला प्रजननाची चिंता नाही, पण मुतखड्याची आहे. सरकी, पेंड, कोंडा, धान्य या सगळ्यांत स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी. त्याचे खडे होऊन बारीक मूत्रनळीत अडकतात. बोकड सारखा कुंथतो, थेंब थेंब लघवी करतो, दात खातो, पोटाला लाथा मारतो. ही तातडीची वेळ असते. वाट पाहू नका, डॉक्टरांना बोलवा. टाळायचे असेल तर आंबोणीत एक टक्का चुनखडी पावडर, एक टक्का मीठ आणि दिवसभर स्वच्छ पाणी. थंडीत जनावर पाणी कमी पिते, तेव्हा पाणी कोमट करून द्या. अशा बोकडाला सरकी १०० ग्रॅमच्या आत ठेवा.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या दिवशी जनावरे सरकी हुंगून सोडून देतात. तुसाळ दाणा त्यांच्या ओळखीचा नसतो. पहिले चार दिवस २५-३० ग्रॅम सरकी भरडलेल्या ज्वारीत कालवून, वर गुळाच्या पाण्याचा हबका मारून द्या. दर तीन-चार दिवसांनी थोडी वाढवत दहा ते पंधरा दिवसांत पूर्ण मापावर या. बंद करतानाही एकदम बंद करू नका. अपवाद फक्त विषबाधेचा.

उपाशी पोटी सरकी नको. सकाळी थोडा चारा टाकून झाल्यावर किंवा चरून आल्यावर संध्याकाळी द्या. सगळ्या शेळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी लांब गव्हाण हवी. एका शेळीला साधारण एक फूट जागा. जागा कमी असली की दांडगी शेळी तीनशे ग्रॅम खाते आणि गरीब शेळीच्या वाट्याला काहीच येत नाही. तुम्ही वही उघडून सरासरी दीडशे लिहिता, पण दोघींपैकी एकीलाही दीडशे मिळालेले नसतात.

भिजवावी का, शिजवावी का, भरडावी का, हे नेहमीचे प्रश्न. शेळी-मेंढी बारीक चावून खाते, त्यामुळे भरडण्याची गरज नाही. उलट भरडलेल्या सरकीतले तेल आणि गॉसिपॉल पोटात एकदम मोकळे होते. अख्खी सरकी ते हळूहळू सोडते. भिजवायची असेल तर चार-सहा तास पुरे, आणि भिजवलेली त्याच दिवशी संपवा. चैत्र-वैशाखात रात्रभर भिजलेली सरकी सकाळी आंबूस येते. शिजवल्याने काही गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाते हे खरे, पण त्यापोटी जळण आणि वेळ जातो. मापात दिली तर शेळीला शिजवण्याची गरज नाही, आणि शिजवली म्हणून मापापेक्षा जास्त देण्याची मुभाही नाही.

आता मापाचे. तुसामुळे सरकी फुगीर असते. ज्या मापट्यात मका भरतो, त्याच मापट्यात सरकी भरली तर ती वजनाला जवळपास निम्मीच भरते. म्हणून मक्याच्या मापाने सरकी मोजू नका. घरातला एक डबा घ्या, सरकी भरून काट्यावर ठेवा, दीडशे ग्रॅमला जिथे येते तिथे खिळ्याने रेघ ओढा. हा डबा दुसऱ्या कशालाही वापरू नका.

सरकी की ढेप?

सरकीतून घाण्यावर तेल काढले की उरते ती पेंड, आपल्याकडची ढेप. तेल फार निघत नाही. शंभर किलो सरकीतून दहा-बारा किलो. बाकीचे जवळपास सगळे ढेपेत राहते. विदर्भातले अकोला हे तर सरकी ढेपेच्या वायदे व्यवहाराचे केंद्र आहे. आपल्या बाजारात मिळते ती बहुतेक सालासकट पेंड. तिच्यात प्रथिने २० ते २४ टक्के आणि तेल साधारण सहा ते आठ टक्के. साल काढून केलेल्या पेंडीत प्रथिने ३६ टक्क्यांच्या वर जातात, पण ती सहसा मिळत नाही.

ढेपेतले तेल कमी असल्याने ती आंबोणीत बसवायला सोपी. गाभण, दुभत्या आणि चार महिन्यांपुढच्या जनावरांसाठी १०० किलो आंबोण अशी करता येते : भरडलेला मका ३५ किलो, सरकी पेंड २०, गव्हाचा कोंडा १७, तूरचुणी १४, सोयाबीन पेंड १०, खनिज मिश्रण २, चुनखडी पावडर १ आणि मीठ १ किलो. प्रथिने १६ टक्क्यांच्या पुढेमागे येतात. मोठ्या शेळीला रोज २०० ते ३०० ग्रॅम. मेंढ्यांसाठी खनिज मिश्रण गायी-म्हशींचे घेऊ नका. त्यातले तांबे मेंढीला सोसत नाही. मेंढ्यांसाठीचे वेगळे मिळते.

एक काळजी घ्या. आंबोणीत ढेप आणि वरून अख्खी सरकी, असे दोन्ही पूर्ण मापात चालू ठेवू नका. गॉसिपॉल दोन्हींत असते. अख्खी सरकी चालू असेल तर आंबोणीतली ढेप दहा किलोवर आणा आणि फरक सोयाबीन पेंडीने व मक्याने भरून काढा.

विकत घेताना, साठवताना

चांगल्या सरकीचे तूस पांढुरके-राखाडी असते. मूठभर दाणे हातात घेऊन कापा. गर पिवळसर, घट्ट हवा. तपकिरी, काळा, बुरशीचा किंवा खवट वासाचा असेल तर पोते परत करा. पावसात भिजलेल्या कापसाची सरकी स्वस्त मिळते. तिच्या वाटेला जाऊ नका.

ढेपेत भेसळ होते. एक मूठ ढेप काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. तळाशी वाळू-माती बसली, वर फोलपट तरंगले किंवा पाण्याला भलताच रंग चढला तर समजून घ्या. ओल्या ढेपेला अमोनियाचा झोंबणारा वास आला तर युरियाची शंका घ्या. युरिया शेळीला जिवावर बेतू शकतो. मोठी खरेदी असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून नमुना तपासून घ्या.

सर्वांत मोठा शत्रू ओल. दमट सरकी ढिगात तापते आणि तिच्यावर बुरशी येते. त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृत नासवते, गाभ पाडते आणि दुधातही उतरते. अन्नसुरक्षा कायद्याने दुधातल्या अशा विषाची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक ठेवली आहे. उकळून ते जात नाही. म्हणून सरकी उन्हात कडक वाळवा, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचा. पावसाळ्याचा साठा करू नका. मृगाआधी पोती संपतील एवढीच आणा. बुरशी आलेला भाग काढून बाकीचे जनावराला घालणे ही काटकसर नव्हे.

आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पेरणीतून उरलेले कापसाचे बियाणे कोणत्याही जनावराला घालायचे नाही. ४७५ ग्रॅमच्या त्या पाकिटातल्या लाल-निळ्या बियांना कीटकनाशक आणि बुरशीनाशक चोळलेले असते. धुऊनही ते जात नाही. उरलेले पाकीट खुराकाच्या खोलीत ठेवूच नका.

पऱ्हाटीत चरताना

बोंडअळीचे चक्र मोडावे म्हणून शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तो शेतकऱ्याला आणि धनगराला दोघांनाही सोयीचा आहे. अळी असलेली कवडी बोंडे जनावरे खाऊन टाकतात, शेताला लेंडीखत मिळते. पण शेतात शिरण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा : शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची. औषधाच्या डब्यावर जेवढे दिवस लिहिले असतील ते उलटून गेल्याशिवाय कळप आत घालू नका. भुकेला कळप सरळ पऱ्हाटीत नेऊ नका. आधी दुसरीकडे चारून न्या आणि पहिले दोन-तीन दिवस तास-दोन तासच ठेवा. दिवसभर बोंडे खाऊन आलेल्या कळपाला संध्याकाळी पुन्हा सरकी नको. त्या दिवसाचे माप शेतातच पूर्ण झालेले असते.

परवडते का?

भाव रोज बदलतात, म्हणून रीत सांगतो. दर भागिले प्रथिनांचे प्रमाण, म्हणजे एक किलो प्रथिनाची किंमत. समजा सरकी ३३ रुपये किलो आहे आणि प्रथिने २२ टक्के. एक किलो प्रथिन १५० रुपयांना पडले. समजा सोयाबीन पेंड ५४ रुपये आणि प्रथिने ४५ टक्के. तिथे तेच प्रथिन १२० रुपयांना मिळाले. मग सरकी महाग का? नुसत्या प्रथिनांसाठी घेत असाल तर महागच. पण सरकीबरोबर तेलाची ऊर्जा आणि तंतू येतात. सोयाबीन पेंडीबरोबर ती ऊर्जा भरायला मका वेगळा घ्यावा लागतो. म्हणून दोन्ही खुराकांची पूर्ण किंमत मांडून मग ठरवा. जिनिंग जवळ असेल, वाहतूक थोडी असेल, तर कोरड्या दिवसांत सरकी बहुतेक वेळा परवडते. कोकणात किंवा घाटावर लांबून गाडीभाडे भरून आणायची असेल, तर बहुतेक वेळा नाही.

दहा शेळ्यांना शेवटचे दीड महिने रोज दीडशे ग्रॅम सरकी म्हणजे ४५ दिवसांची मिळून साडेसदुसष्ट किलो. या दीड महिन्याला एवढीच लागते. जास्त आणली की जास्त घातली जाते.

तेव्हा या हंगामाला घमेल्यातली ओंजळ बंद करा आणि रेघ ओढलेला डबा गव्हाणीजवळ खिळ्याला टांगा. करडांचा कप्पा बांधून झाल्याशिवाय मात्र सरकीचे पोते उघडू नका.